गोट्यांची जाळी

ओवेन कर्स्लेकने चौतीस वर्षं हॅल्डेन नदीवर बोट चालवली. त्याच्या बोटीच्या पोटाखाली बसलेली प्रत्येक जाळी मी केली. नऊ जाळ्या. आठ दगडगोट्यांसाठी, एक शेवाळासाठी. वर्कशॉप बंद करून मला सहा वर्षं झाली. बाकीची कामं बरीचशी विसरलो. ही विसरलो नाही.

ओवेनचा बाप ससे मारायचा. तोच त्याचा धंदा. ओवेन सोळाव्या वर्षी मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीत गेला आणि सत्ताविसाव्या वर्षी पाठ गेल्यावर ॲशबीला परतला. त्या हिवाळ्यात त्याने बापाच्या गवताच्या कोठारात प्लायवुडची बोट बांधली. आत जुन्या मोटारीचं सहा सिलिंडरचं इंजिन. १९७१ साल. पहिल्याच दिवशी ती ॲशबीच्या पुलाखाली बुडाली. त्याने दोरीने ओढून बाहेर काढली, इंजिन सोडवलं, सुटे भाग नोएलीनच्या ओव्हनमध्ये वाळवले आणि आठव्या दिवशी बोट परत पाण्यात घातली. नोएलीन तेव्हा त्याची बायको व्हायची होती. ओव्हन तिच्या आईचा होता.

पुलापासून वरच्या घळीपर्यंत बावीस किलोमीटर. पलीकडच्या काठावर मेंढ्यांची दोन मोठी रानं होती आणि तिथल्या दोन्ही कुटुंबांना रस्ता नव्हता. ओवेन त्यांना पीठ, कुत्र्यांचं खाणं, तारेची भेंडोळी, टपाल, लोकर कातरणारी माणसं नेऊन पोचवायचा. एकदा नवरी नेली. दोनदा प्रेत आणलं. उन्हाळ्यात सालमन मासे धरायला क्राइस्टचर्चचे लोक यायचे, वसंतात पक्षी मोजणारे. तो त्यांच्याशी फार बोलायचा नाही. कुठे उतरायचं ते सांगायचा आणि किती वाजता परत उभं राहायचं ते.

आमची नदी एका पात्रातून वाहत नाही. मैलभर रुंद गोट्यांच्या पट्ट्यात तिचे वीस-पंचवीस फाटे असतात आणि प्रत्येक पुरानंतर ते जागा बदलतात. घोटाभर पाण्यावरून पूर्ण वेगाने जावं लागतं. वेग कमी केला की बोट खाली बसते, मग उतरून ढकला. ओवेनने निवडलेला फाटा पुढे बंद निघाला असं मी चौतीस वर्षांत चारदा पाहिलं. त्याला विचारलंत तर तो सात म्हणायचा.

या बोटींना बाहेर पंखा नसतो. पोटाला भोक असतं. तिथून पाणी ओढलं जातं आणि आतला पंखा ते मागे फेकतो. त्या भोकावर जाळी. बोट जे पिते ते जाळीतून पिते. जाळी निवडायची म्हणजे नदी काय देणार आहे ते आधी ठरवायचं. गोटे देणार असेल तर गज जाड हवेत, जवळजवळ हवेत, दोन्ही टोकांना वेल्ड केलेले. फट बोटाच्या पेरापेक्षा कमी. फटीतून आत गेलेला गोटा पंख्याची पाती खातो. शेवाळ देणार असेल तर सगळं उलटं. गज पातळ, फट मोठी, मागचं टोक मोकळं, म्हणजे शेवाळ सरकून निघून जातं. शिवाय फणी. गजांच्या मधून फिरणारे दात असतात, बसल्या जागेवरून लिव्हर ओढला की गज विंचरले जातात. गोट्यांच्या जाळीवर शेवाळ आलं की ती अर्ध्या मिनिटात लिंपते, पंखा हवा पितो, किंचाळतो आणि बोट बसते. शेवाळाच्या जाळीत गोटे आले की पंखाच जातो. दोन्हींचं भागेल अशी एक जाळी मी करून पाहिली होती. कशाचंच भागलं नाही.

पहिल्या वीस-बावीस वर्षांत हा प्रश्न आलाच नाही. नदी गोटे द्यायची. तीन हंगामांत जाळी झिजायची. अर्ध्या इंचाचा गज पाव इंचावर यायचा, चमच्यासारखा गुळगुळीत व्हायचा. मी नवी जाळी करायचो, चौकटीवर सालाचा ठसा मारायचो. जुनी जाळी ओवेन घरी नेऊन शेडच्या भिंतीला लावायचा. तो लोखंड टाकत नसे.

मग मेंढ्या गेल्या आणि गाई आल्या. आमच्याबरोबर शाळेत असलेल्या ग्रँट लव्हरिजने पहिल्यांदा मेंढ्या विकल्या आणि आठशे गाई आणल्या. गाईंना हिरवं गवत लागतं, गवताला पाणी. घळीच्या तोंडाशी कालवा निघाला. बर्फ वितळून जे लोंढे यायचे आणि पात्र घासून काढायचे, ते आता तळ्यांत साठायला लागले. न घासलेल्या गोट्यांवर शेवाळ धरलं. १९९४ साली केलेली आठवी जाळी पाच हंगामांनंतरही नवी होती. तिच्यावर झिजवण्याइतकं काही येतच नव्हतं.

त्याऐवजी ओवेन दर मैलाला थांबायला लागला. इंजिन बंद करायचं, बोटीच्या कडेवरून कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, हात पोटाखाली घालून शेवाळ ओरबाडायचं, परत चढायचं. ते पाणी जानेवारीतल्या भर उन्हाळ्यातही बर्फाचंच असतं. दोन हंगामांत त्याचा उजवा खांदा गेला. मी म्हणत होतो फणी लाव. तो म्हणायचा, ही गोट्यांची नदी आहे. १९९९ साली शर्टात हात घालायला नोएलीनची मदत लागायला लागली, तेव्हा तो आला आणि म्हणाला, कर.

नवव्या जाळीला मला अकरा दिवस लागले. फणीचे चौदा दात, प्रत्येक दात दोन्ही बाजूंच्या गजांपासून सारख्या अंतरावर. काम चांगलं झालं होतं. ओवेनला ती जाळी कधी आवडली नाही. लिव्हर ओढला की बोटीखाली खडखड व्हायची आणि तो दर वेळी पाहुण्यांकडे न बघता ओढायचा. पबमध्ये ग्रँटने विचारलं, “काय ओवेन, विंचरून झाले का म्हातारीचे केस?”

“झाले,” ओवेन म्हणाला. “उवा तुझ्याकडूनच आल्यात.”

ग्रँट सगळ्यांबरोबर हसला आणि त्याने ओवेनला बिअर पाजली. तो वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे लागणार आहे.

२००२ साली कालव्याच्या योजनेने, म्हणजे तो चालवणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेने, दुसरा कालवा मागितला. सुनावणी लागली. प्रश्न एकच होता. दोन्ही कालवे भरून घेतल्यावर उन्हाळ्यात पुलाखाली किती पाणी सोडायचं? योजनेचं म्हणणं, सेकंदाला पाच घनमीटर पुष्कळ झाले. पाचात ओवेनची बोट चालत नव्हती. बारा लागत. बारा मिळाले नाहीत तर ओवेनचं काम संपलं. तो तेव्हा अठ्ठावन्नचा होता आणि दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं.

ज्यांना बोलायचं त्यांनी लेखी निवेदन द्यायचं होतं. ओवेनचं निवेदन नोएलीनने लिहिलं. ती शाळेच्या कचेरीत होती, तिला कागद कळायचे. कल्पनाही तिचीच. ती म्हणाली, तुला बोलता येत नाही, तर भिंतीवरच्या जाळ्या घेऊन जा. १९७४ची ठेव, १९८४ची ठेव, १९९१ची ठेव, सगळ्या झिजलेल्या. मग शेजारी नववी ठेव, फणीसकट. नदीचं काय झालं ते आंधळ्यालाही हाताने कळेल.

कल्पना चांगली होती. आजही मला तीत खोट सापडत नाही.

सुनावणी ऐकायला तीन पंच होते. सुनावणीच्या आधी त्यांना नदी पाहायची होती, आणि माणसं नेण्याचा परवाना असलेली बोट एकट्या ओवेनची होती. बुधवारची वेळ ठरली. ऑक्टोबर होता, आमच्याकडचा वसंत. शनिवारी वायव्येचा गरम वारा सुटला आणि तीन दिवस थांबला नाही. डोंगरावरचं बर्फ एकदम उतरलं. तळी आधीच भरलेली होती, त्यामुळे योजनेला ते पाणी घेता येईना. नदी राखाडी होऊन चढली. सोमवारी संध्याकाळी पुलावर उभं राहिलं तर खाली गोटे गडगडताना ऐकू येत होते. तो आवाज मी आठ वर्षांत ऐकला नव्हता.

मंगळवारी सकाळी सात वाजता ओवेन बोट ट्रेलरवर घालून वर्कशॉपच्या दारात उभा होता. आठवी जाळी गाडीच्या मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेली.

“फणी काढ,” तो म्हणाला. “आठवी घाल.”

मी विचारलं, उद्या पंच येणार आणि आज हे कशाला?

“तू पुलावर गेला नव्हतास का? गोटे येतायत. त्या रुंद फटीतून एक जरी आत गेला तर पंखा फुटेल. तिघं बसलेले असताना, घळीच्या पाण्यात.”

हे खरं होतं. मग तो म्हणाला, “आणि पहिल्यांदा नदीवर येणाऱ्या माणसाला मी ती खडखड ऐकवणार नाही.”

हेही खरं होतं, आणि मला ते पटलं. नदी जशी असते तशी ती तीन दिवसांपुरती परत आली होती. ओवेनचा चेहरा मी इतका मोकळा बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. मी ट्रेलर आत घ्यायला सांगितलं.

चौकटीला आठ बोल्ट. बोल्ट स्टेनलेसचे, पंपाचं अंग ॲल्युमिनियमचं. दोन धातू ओले राहिले की मधे पांढरा गंज धरतो आणि बोल्ट जाम होतात. मी पोतं अंथरून खाली उताणा झोपलो. पाच बोल्ट सरळ आले. दोनांना तेल, ज्योत, हळू ठोके, परत तेल असं दीड तास करावं लागलं. आठव्याचं डोकं तुटलं. उरलेला तुकडा मी मधोमध छिद्र पाडत बाहेर काढला, नवे आटे पाडले. फणीचा दांडा ओढून काढला आणि त्याचं भोक बुचाने बंद केलं. मग बैठक खरवडून स्वच्छ केली. चौकट बोटीच्या पोटाशी अगदी सपाट बसावी लागते. नखाएवढी कड जरी खाली राहिली तरी तिथून हवा शिरते. आठवी जाळी वर लावायच्या आधी मी एकेक गज हातोडीने वाजवून पाहिला. वेल्डला तडा असला तर आवाज बद्द येतो. सगळे गज खणखणीत वाजले.

दुपारी नोएलीन आमच्यासाठी मटणाचे पॅटिस घेऊन आली, गरम, फडक्यात बांधलेले. मी खाली होतो. मला फक्त तिचे रबरी बूट दिसत होते.

“हे काय चाललंय?”

“पाणी चढलंय,” ओवेन म्हणाला. “गोटे येतायत.”

“मग फोन करून सांग त्यांना. म्हणावं, पाणी उतरल्यावर या.”

“दिवस त्यांनी ठरवलाय. आणि जाता येण्यासारखं असताना येत नाही कसं म्हणू?”

बूट बोटीजवळ आले. मग ती वाकली आणि बोटीखाली माझ्याकडे बघून बोलली. “आल्फ, तू तरी डोकं चालव. बाई आजारी आहे हे दाखवायला डॉक्टरला बोलवायचं आणि त्याच दिवशी तिला पावडर लावून बसवायचं? फणी राहू दे. खडखडू दे. बोट नाही निघाली तर नको निघू दे. ते बघू देत ना त्यांना.”

मी म्हणालो, “नोएलीन, आजच्या पाण्याला हीच जाळी बरोबर आहे.”

“असेल,” ती म्हणाली. “तुम्हा दोघांना जन्मभर बरोबरच करायचं असतं.”

तिने फडकं बाकावर ठेवलं आणि गेली. आम्ही चार वाजता काम संपवलं. तोवर पॅटिस गार झाले होते. तसेच खाल्ले.

बुधवारी ओवेन पंचांना पुलापासून घळीपर्यंत एकतीस मिनिटांत घेऊन गेला. एकदाही थांबला नाही. त्या पंचांत एक निवृत्त इंजिनियर होता. परत आल्यावर तो ओवेनचा हात सोडेना, लहान मुलासारखा हसत होता. ओवेन त्या दिवशी वर्कशॉपमध्ये येऊन अर्धा तास बोलला. कुठला फाटा धरला, कुठे वळवली, घळीच्या खालच्या वळणावर पाणी कसं उभं होतं. शेवटी म्हणाला, “जाळी मस्त बसलीय, आल्फ. हवा थेंबभर नाही.”

मला बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

सुनावणी पुढच्या गुरुवारी ॲशबीच्या हॉलमध्ये झाली. बायकांच्या मंडळाने मागे चहा आणि स्कोन मांडले होते. एका बाजूला योजनेचे लोक, त्यांत ग्रँट, टाय लावून. दुसऱ्या बाजूला आम्ही. ओवेनने अंत्यविधीला जायचा कोट घातला होता. नोएलीनने टेबलावर जुनी चादर अंथरली आणि त्याने चार जाळ्या ओळीने ठेवल्या. तो कागद वाचून बोलला, मान वर न करता. पण जाळ्यांनी काम केलं. पंच उठून टेबलापाशी आले. त्यांनी १९७४चा गज बोटाने चाचपला, मग १९९१चा. इंजिनियरने नवव्या जाळीची फणी स्वतः ओढून पाहिली आणि दात वाजले. तो बाकीच्या दोघांना काहीतरी समजावत होता. मी तिसऱ्या रांगेत होतो. मला वाटलं, जमलं.

योजनेची वकील क्राइस्टचर्चहून आली होती. तिशीची असेल. तिने ओवेनला बसायला सांगितलं, पाणी हवं का विचारलं.

“मिस्टर कर्स्लेक, टेबलावरची ही शेवटची जाळी, फणीची. हिच्याशिवाय आता नदीवर जाता येत नाही, असं तुमच्या निवेदनात आहे. बरोबर?”

“हो.”

“ती इथे आहे. मग बोटीला आत्ता कोणती आहे?”

ओवेन म्हणाला, “आठवी.”

“आठवी कशासाठी असते?”

“गोट्यांसाठी.”

“आणि मागच्या बुधवारी, पंच बोटीत होते तेव्हा?”

“तीच होती.”

“शेवाळ काढायला तुम्हाला किती वेळा थांबावं लागलं?”

“एकदाही नाही.” मग तो म्हणाला, “पाणी चढलेलं होतं.”

“पाणी दर वसंतात चढतं का?”

“पूर्वी जास्त चढायचं.”

“पण चढतं.”

“हो.”

तिने आभार मानले आणि बसली. एवढंच. तिने आवाज चढवला नाही, त्याला कुठे पकडलं नाही, एकही शब्द खोटा बोलली नाही. मुख्य पंचाने ओवेनला विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. आता त्याने वाऱ्याचं सांगायला हवं होतं. तीन दिवसांचा वारा, आठ वर्षांतला पहिला लोंढा, तळी भरलेली असल्यामुळे चुकून सुटलेलं पाणी, हे सगळं. चार वाक्यांचं काम होतं. ओवेन उभा राहिला. त्याला वाटलं होतं की तिने त्याच्या कामावर बोट ठेवलंय.

तो म्हणाला, “त्या दिवसाच्या पाण्याला तीच जाळी बरोबर होती.”

योजनेच्या बाजूला कोणीतरी हसलं. मुख्य पंचाने ते लिहून घेतलं.

वाऱ्याचं मला सांगता आलं असतं. पण लेखी निवेदन दिलं असेल त्यालाच तिथे बोलता येत होतं आणि मी दिलं नव्हतं. नोएलीनने मला दोनदा कागद आणून दिला होता. मी म्हणालो होतो, ओवेन सांगेल की. मला लिहायचा कंटाळा होता. तिसऱ्या रांगेत बसून मी नवव्या जाळीवरची माझी वेल्डिंग बघत राहिलो.

निकाल फेब्रुवारीत आला. ऐंशी पानं. नोएलीनने स्वयंपाकघरात आम्हा दोघांना ओवेनपुरता परिच्छेद वाचून दाखवला. निवेदकाच्या जुन्या जाळ्या लक्षवेधी आहेत, असं त्यात होतं. परंतु निवेदकाची स्वतःची बोट, स्वच्छ गोट्यांच्या पात्रासाठीची जाळी लावून, पुलापासून घळीपर्यंत एकदाही न अडखळता गेल्याचे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. पाच घनमीटर.

तिने कागद घडी करून ठेवला आणि मला विचारलं, आणखी चहा घेणार का. त्या मंगळवारबद्दल ती तेव्हाही बोलली नाही, नंतरही नाही. बोलली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं. ओवेन खिडकीतून बाहेर बघत होता. त्याने विचारलं, इंजिनियरनेही सही केलीय का. केली होती.

दुसरा कालवा २००४च्या शेवटी सुरू झाला. जानेवारीत ओवेनने बोट माझ्याकडे आणली. म्हणाला, नववी घाल, बघू तरी. या वेळी आठही बोल्ट सरळ आले. मी त्याच्याबरोबर गेलो. पुलापासून पहिल्या मैलात आम्ही चाळीस वेळा लिव्हर ओढला असेल. शेवाळ गजांवरून सुटायचं आणि मागून लगेच नवं यायचं. तिसऱ्या फाट्यात बोट बसली. उतरलो, ढकलली, चढलो. चौदा वेळा. मग चढायचं सोडून दिलं आणि दोघे दोन बाजूंना धरून पुलाकडे परत चालत राहिलो. ओवेन एकसष्टचा, मी त्रेसष्टचा. त्याला उजव्या हाताने धरता येत नव्हतं, म्हणून मधूनमधून आम्ही बाजू बदलत होतो. दोन किलोमीटर परत यायला साडेतीन तास लागले. पाणी कोमट होतं. त्या नदीत कोमट पाणी मी पहिल्यांदा अनुभवलं.

तो वाटेत एकदाच बोलला. “फणी चांगली केलीस,” म्हणाला. “फणीचा दोष नाही.”

बोट त्याने वर्षाच्या आत विकली. उत्तरेकडच्या एका तळ्यावरच्या माणसाने नेली. पलीकडच्या रानांपैकी एकावर पाइनची झाडं लावली गेली, दुसऱ्यावरच्या कुटुंबाने हेलिकॉप्टर ठरवलं. पेन्शनला ओवेनला चार वर्षं कमी होती. नोएलीनच्या पगारावर तो दोन महिने घरी बसला. तेवढ्यात त्याने घराचं सगळं कुंपण सोडवून परत घातलं, ते बिघडलेलं नसताना.

मग ग्रँट लव्हरिज त्याच्याकडे गेला. तो तोवर योजनेच्या कार्यकारिणीवर होता. स्वतः गेला, टोपी हातात घेऊन. कालव्याच्या तोंडाला मोठी जाळी होती, चाळीस मीटर लांब, मासे आणि शेवाळ अडवायला. ती सारखी तुंबायची. ठेवलेली माणसं टिकत नव्हती, पहाटे चिखलात उभं राहून शेवाळ ओढायचं कोणाला नको होतं. ग्रँट म्हणाला, ओवेन, जाळी तुझ्याइतकी कोणाला कळत नाही. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ओवेनने त्याला दारातून हाकलला असता. तो खरोखर मदत करायला आला होता. म्हणून ओवेन हो म्हणाला.

पहिल्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. योजनेने दिलेला शेवाळ ओढायचा दाताळा बरोबर नव्हता, दात गजांवरून उड्या मारायचे. त्याने कागदावर माप आणलं होतं. गजांची जाडी, मधली फट, वीस ठिकाणी मोजलेली आणि सरासरी काढलेली.

“दात पाच मिलिमीटरचे. त्याहून जाड नको. टोकाला किंचित वाकव.”

“दांडा?”

“साडेचार मीटर. ॲल्युमिनियमचा. खांद्याला वजन सोसत नाही.”

तीन दिवसांनी तो घ्यायला आला. त्याने एकेक दात नखाने तपासला आणि सहाव्यापाशी थांबला. म्हणाला, हा केसभर डावीकडे आहे. मी मापून पाहिलं. होता. मी कानस घेऊन तो सरळ केला. त्याने दाताळा गाडीला बांधला आणि गेला.

चार वर्षं त्याने ते काम केलं. सकाळी पाच आणि दुपारी चार, नाताळच्या दिवशीसुद्धा. एकही खाडा नाही. दुसऱ्या योजनांचे लोक त्याची जाळी बघायला यायचे. एकदा योजनेचा व्यवस्थापक वर्कशॉपमध्ये काहीतरी वेल्ड करून घ्यायला आला आणि मी न विचारता सांगायला लागला. म्हणाला, पूर्वी जाळी तुंबायची तेव्हा आमच्या हक्काच्या दहा हिश्शांतले दोन हिस्से पाणी नदीतच राहून जायचं. तुमचा मित्र आल्यापासून दोन्ही कालवे काठोकाठ भरतात.

मी विचारलं, ओवेनला हे माहीत आहे का.

“माहीत म्हणजे? आकडा त्यानेच काढून दिला.”